पाल्मायरा ते सॉल्ट लेक सिटी: मॉर्मन पंथाच्या वाटेवरचे सतरा दिवस

मॉर्मन पंथाचा इतिहास घरी बसून वाचताना माझी एक अडचण नेहमी होत असे. १८३० ते १८४७ या अवघ्या सतरा वर्षांत ही मंडळी न्यूयॉर्क, ओहायो, मिसूरी आणि इलिनॉय ही राज्ये एकामागून एक सोडत गेली आणि शेवटी अमेरिकेच्या तेव्हाच्या हद्दीबाहेर, मेक्सिकोच्या ताब्यातील एका कोरड्या खोऱ्यात जाऊन राहिली. परंतु कोणत्या गावी काय उभे राहिले आणि काय मोडले, हे नावांच्या गर्दीत हरवून जाई. रॉचेस्टरजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याने गाडी चालवण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा जूनमधील सतरा दिवस काढून ही सारी गावे पूर्वेकडून पश्चिमेकडे, इतिहासात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पाहायची असे आम्ही ठरवले. एका ठिकाणी आम्ही हा क्रम मोडला आणि त्याचा तोटा झाला. तो पुढे सांगतो. जाऊ इच्छिणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच की, सॉल्ट लेक सिटीपासून सुरुवात करू नये. तेथे सर्व काही स्थिरावलेले दिसते आणि हा पंथ पहिल्यापासून असाच असावा, असा समज होतो.

निघण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात. या संस्थेचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे आणि २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असा तिचा आग्रह आहे. तेथील लोकांशी बोलताना आम्ही तो पाळला, येथे मात्र वाचकांच्या सोयीसाठी परिचित शब्द ठेवला आहे. संस्थेची ऐतिहासिक स्थळे पाहण्यास शुल्क नाही आणि कोणी देणगीही मागत नाही. माहिती सांगणारी माणसे ही पगारी वाटाडे नसून स्वखर्चाने आलेले प्रचारक असतात: छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या विशीतल्या मुली किंवा निवृत्त जोडपी. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते आपली श्रद्धा दोन शब्दांत सांगतात आणि कधी कधी पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून देण्याची विनंती करतात. नको असल्यास तसे नम्रपणे सांगावे. आमच्या नकाराचे कोणालाही वाईट वाटलेले दिसले नाही. रविवारी ही स्थळे उशिरा उघडतात, त्यामुळे रविवार शक्यतो प्रवासासाठी ठेवावा. गाडीच्या बाबतीत आमची चूक झाली. भाड्याने घेतलेली गाडी दुसऱ्या राज्यात सोडण्याचे शुल्क वेगळे आकारले जाते, आणि ते किती हे आम्ही आधी विचारले नाही; शेवटी ती रक्कम तीन रात्रींच्या निवासाइतकी झाली. करारावर सही करण्यापूर्वी हा आकडा लेखी घ्यावा.

पाल्मायरा हे गाव रॉचेस्टरपासून मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. गावाच्या कडेने एरी कालवा जातो, आणि माझ्या मते पाहणीची सुरुवात त्या कालव्यापासूनच करावी. हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडणारा हा कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या काठची खेडी काही वर्षांत बाजारपेठा बनली. माल आला, माणसे आली, छापखाने आले, आणि त्यांच्यासोबत फिरते धर्मोपदेशकही आले. धर्मजागृतीच्या लाटा या भागावरून इतक्या वेळा गेल्या की, पुढे त्याला ‘होरपळलेला प्रदेश’ असे नाव पडले. जगाच्या अंताची तारीख सांगणारे विल्यम मिलर यांचे अनुयायी याच टापूत वाढले. मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या फॉक्स भगिनींचे घर येथून जवळच होते. आणि स्त्रियांच्या हक्कांची १८४८ची परिषद भरली ते सेनेका फॉल्सही तासाभराच्या आत येते. गावातील मुख्य चौकात चारही कोपऱ्यांवर चार वेगवेगळ्या पंथांची चर्चे समोरासमोर उभी आहेत. इमारती पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बालपणानंतरच्या आहेत. पण ‘यांतला खरा कोण?’ हा चौदा वर्षांच्या मुलाला पडलेला प्रश्न त्या चौकात उभे राहिल्यावर जितका कळतो तितका पुस्तकातून कळत नाही.

जोसेफ स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्माँट राज्यातील शॅरन येथे झाला. पिके बुडाल्याने आणि कर्जाने टेकीला आलेले त्यांचे कुटुंब पाल्मायरा परिसरात येऊन राहिले. गावाच्या दक्षिणेला त्यांचे शेत आहे. तेथे पुन्हा बांधलेले लाकडी ओंडक्यांचे घर, नंतरचे फळ्यांचे मूळ घर आणि मागे जुन्या मेपल व बीच वृक्षांचे ‘पवित्र वन’ आहे. १८२० च्या वसंतात याच झाडीत प्रार्थना करताना ईश्वर आणि येशू यांनी आपल्याला दर्शन दिले आणि अस्तित्वात असलेल्या कोणत्याही पंथात जाऊ नये असे सांगितले, असे जोसेफ यांनी पुढे लिहून ठेवले. या दर्शनाची त्यांनी वेगवेगळ्या वर्षी केलेली कथने आज उपलब्ध आहेत. १८३२ मधील सर्वांत जुने आणि १८३८ मधील प्रमाण मानले गेलेले कथन यांच्या तपशिलांत फरक आहे, आणि संस्थेने स्वतःच ती सर्व प्रसिद्ध केली आहेत. आम्ही वनात सकाळी साडेआठला पोहोचलो. पायवाटा रुंद आहेत, ठिकठिकाणी बाके आहेत, परंतु ‘ते येथेच घडले’ अशी पाटी कोठेही नाही. नेमकी जागा कोणालाच माहीत नाही, असे तेथील वृद्ध बाईंनी सरळ सांगितले, आणि त्या प्रामाणिकपणामुळे मला ते वन अधिक आवडले. पावसानंतर वाटा निसरड्या होतात आणि डास पुष्कळ असतात, हे जूनमध्ये जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दक्षिणेकडे थोड्याच अंतरावर कुमोरा टेकडी आहे. मोरोनी नावाच्या देवदूताने १८२३ मध्ये येथे पुरलेल्या सुवर्णपत्रांची माहिती दिली आणि चार वर्षांनी, २२ सप्टेंबर १८२७ रोजी, ती पत्रे हाती आली, असे जोसेफ यांचे सांगणे होते. टेकडीवर देवदूताचा पुतळा आहे आणि चढ दहा मिनिटांचा आहे. पूर्वी उन्हाळ्यात येथे भव्य नाट्यप्रयोग होत असे; २०१९ नंतर तो बंद झाला, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून जुलैचा बेत आखू नये. येथेच मी आमच्या मार्गदर्शिकेला गुप्तधनाविषयी विचारले. जमिनीत पुरलेले द्रव्य विशिष्ट दगडात पाहून शोधणे ही त्या काळच्या त्या प्रदेशातील सर्रास समजूत होती, जोसेफ यांनाही तरुणपणी अशा कामासाठी मजुरीवर नेले जात असे आणि त्यावरून १८२६ मध्ये त्यांना न्यायाधीशासमोर उभे राहावे लागले होते. तिने काही न लपवता सांगितले की, त्या पत्रांवरील मजकुराचे, म्हणजे पुढे ‘बुक ऑफ मॉर्मन’ या नावाने छापल्या गेलेल्या पंथाच्या धर्मग्रंथाचे, बरेचसे भाषांतर असाच एक दगड टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून, शब्द उच्चारत झाले, आणि त्या दगडाचे छायाचित्र संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले आहे. प्रश्न विचारल्याशिवाय ही माहिती क्वचितच पुढे येते. आमच्या सर्व प्रवासात हाच अनुभव राहिला: अडचणीची गोष्ट स्वतःहून सांगितली जात नाही, पण आदराने विचारली तर टाळलीही जात नाही.

पाल्मायरात मला सर्वाधिक वेळ घालवावासा वाटला तो एग्बर्ट ग्रँडिन यांच्या छापखान्यात. मुख्य रस्त्यावरच्या या विटांच्या इमारतीत ‘बुक ऑफ मॉर्मन’ची पहिली आवृत्ती छापली गेली: ५,००० प्रती, खर्च ३,००० डॉलर. खेड्यातील छापखान्यासाठी हे काम प्रचंड होते आणि पैशांची हमी मिळाल्याशिवाय ग्रँडिन ते हाती घेईनात. मार्टिन हॅरिस या सधन शेतकऱ्याने आपली जमीन गहाण ठेवली, आणि पुढे त्यातील १५१ एकर त्यांना विकावी लागली. भाषांतर सांगताना ते उतरवून घेणाऱ्यांत ऑलिव्हर काउडरी हे शाळामास्तर प्रमुख होते. छापखान्यात आलेल्या हस्तलिखितात विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच, ती खिळे जुळवणाऱ्या जॉन गिल्बर्ट यांनी घातली. वरच्या मजल्यावर खिळे जुळवणे, हाताने दाब देणे, कागद वाळत घालणे, घड्या पाडणे आणि शिवणे ही सगळी कामे दाखवतात. मार्च १८३० च्या अखेरीस पुस्तक विक्रीला आले आणि ६ एप्रिल १८३० रोजी फेयेट येथील व्हिटमर यांच्या शेतावर संस्थेची रीतसर स्थापना झाली. आधी ग्रंथ छापला गेला आणि मग पंथ स्थापन झाला, हा क्रम महत्त्वाचा आहे. नव्या अनुयायाला दर्शनाची ऐकीव कथा देण्याऐवजी हातात धरता येणारे जाडजूड पुस्तक देता येत होते, आणि प्रचारक ते पिशवीत घालून पायी निघत होते. फेयेटचे शेत पाल्मायरापासून मोटारीने सुमारे पाऊण तासावर आहे. वेळ कमी असेल तर ते वगळावे, पण छापखाना वगळू नये.

तेथून ओहायोतील कर्टलंड चार ते साडेचार तासांवर आहे. १८३० च्या शरद ऋतूत पश्चिमेकडे निघालेल्या चार प्रचारकांनी येथील सिडनी रिग्डन या प्रभावी उपदेशकाला आणि त्यांच्या बऱ्याचशा मंडळीला पंथात आणले, आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्कमधील अनुयायी घरेदारे विकून येथे आले. पुढे हा प्रकार वारंवार घडला: एक उपदेशक फुटला की त्याच्यामागे ऐकणारा सगळा समुदाय येई, आणि नव्या जागी एकत्र राहण्याची आज्ञा होई. वाढीचे आणि शेजाऱ्यांच्या वैराचे मूळ या एकाच आज्ञेत होते, असे मला कर्टलंडमध्ये प्रथम जाणवले. विखुरलेले अनुयायी कोणाला खुपत नाहीत. एकगठ्ठा मत देणारे, आपल्याच दुकानात खरेदी करणारे आणि एकाच माणसाचे ऐकणारे हजारभर लोक मात्र गावाला खुपतात.

येथील व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर १८३३ च्या हिवाळ्यात पुरुषांचा अभ्यासवर्ग भरत असे. तंबाखूच्या पिंका आणि चिलमींचा धूर यांनी ती लहानशी खोली भरून जाई, फरशी पुसण्याचे काम जोसेफ यांच्या पत्नी एमा यांच्यावर येई, आणि त्यांच्या तक्रारीनंतर मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य करणारा आदेश आला, असे पुढे पंथाचे नेते झालेले ब्रिगहॅम यंग यांनी नंतर सांगितले आहे. ती खोली आज जशीच्या तशी दाखवली जाते. कर्टलंडचे मंदिर त्याहून महत्त्वाचे. २७ मार्च १८३६ रोजी अर्पण झालेली ही दगडी, पांढरी इमारत पंथाचे पहिले मंदिर होय. आत एकावर एक अशी दोन सभागृहे आहेत, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांची व्यासपीठे आहेत आणि लोकांना कोणत्याही टोकाकडे तोंड करून बसता यावे म्हणून बाकांच्या बैठका हलवता येतील अशा केलेल्या आहेत. इतर मंदिरांत बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो, पण कर्टलंडचे मंदिर आतून पाहता येते. दीर्घकाळ ते ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या दुसऱ्या शाखेच्या मालकीचे होते. मार्च २०२४ मध्ये सॉल्ट लेकच्या संस्थेने ते, नॉवू येथील काही वास्तू व जुनी हस्तलिखिते यांसह, १९.२५ कोटी डॉलरला विकत घेतले. त्यामुळे पूर्वीच्या माहितीपत्रकांतील तिकिटाचे व वेळांचे तपशील आता लागू नाहीत.

मंदिर पूर्ण झाले आणि वर्षभरात गाव कोसळले. जोसेफ यांनी बँक काढायचे ठरवले होते; राज्याने परवाना नाकारला, तेव्हा छापून तयार असलेल्या नोटांवर ‘बँक’ या शब्दाच्या मागेपुढे अक्षरे वाढवून ती ‘बँकविरोधी’ मंडळी असल्याचे दाखवले गेले. १८३७ च्या देशव्यापी मंदीत ती संस्था बुडाली, कित्येकांची बचत गेली, जवळचे सहकारी उलटले आणि जानेवारी १८३८ मध्ये जोसेफ रात्री घोड्यावरून मिसूरीकडे निघून गेले. हा भाग कर्टलंडमध्ये थोडक्यात उरकला जातो. माझ्या मते तो शांतपणे समजून घ्यावा, कारण इतक्या मोठ्या आर्थिक आघातानंतरही बहुसंख्य लोक पंथातच राहिले, याचे उत्तर शोधल्याखेरीज पुढची वाटचाल उलगडत नाही.

यानंतर खरे तर मिसूरी यायला हवे होते. नकाशावर इलिनॉय आधी लागते म्हणून आम्ही दोन दिवसांचा प्रवास करून थेट नॉवूला गेलो आणि मिसूरी नंतरसाठी ठेवले. ही चूक मागाहून जाणाऱ्यांनी करू नये. मिसूरीत काय झाले हे मनात नसताना नॉवू पाहिले, तर तेथील लोकांनी स्वतःची फौज का उभी केली हेच समजत नाही. म्हणून येथे आधी मिसूरीच लिहितो.

मिसूरीतील इंडिपेंडन्स ही नव्या सियोन नगरीची, म्हणजे अनुयायांनी उभारायच्या पवित्र नगरीची, जागा असल्याचे जोसेफ यांनी १८३१ मध्ये जाहीर केले आणि भावी मंदिराची भूमी निश्चित केली. गुलामगिरी मान्य असलेल्या या सीमेवरच्या प्रांतात उत्तरेकडून झुंडीने आलेले, ‘ही भूमी देवाने आम्हाला दिली आहे’ असे म्हणणारे लोक जुन्या रहिवाशांना नको होते. १८३३ मध्ये त्यांना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. पाच वर्षांनी उत्तर मिसूरीत पुन्हा चकमकी झडल्या, दोन्ही बाजूंनी घरे जाळली गेली, आणि २७ ऑक्टोबर १८३८ रोजी राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर घालवावे किंवा त्यांचे निर्मूलन करावे असा लेखी आदेश काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल येथे १७ जणांना ठार मारण्यात आले. तो आदेश मिसूरीने १९७६ पर्यंत रीतसर मागे घेतला नव्हता. लिबर्टी गावातील ज्या तुरुंगात जोसेफ चार महिन्यांहून अधिक काळ होते, त्याची प्रतिकृती आता एका इमारतीच्या पोटात उभी आहे, भिंती कापून आतले तळघर दाखवले आहे आणि त्याची उंची पाहिल्यावर माझ्या पुतण्याने फक्त एवढेच विचारले, “काका, उभे तरी राहता येत असेल का यात?”

इंडिपेंडन्सची मंदिरभूमी पाहण्यासाठी मात्र अर्धा दिवस हवाच. जोसेफ यांच्या मृत्यूनंतर पंथाच्या शाखा झाल्या. एक ब्रिगहॅम यंग यांच्यामागे पश्चिमेला गेली. दुसरी १८६० मध्ये जोसेफ यांच्या थोरल्या मुलाच्या नेतृत्वाखाली संघटित झाली आणि आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ म्हणून ओळखली जाते. इतरही लहान शाखा आहेत. येथे एकाच चौकात या शाखा शेजारी शेजारी दिसतात. शंखाकृती शिखराचे मंदिर कम्युनिटी ऑफ क्राइस्टचे, समोरील माहितीकेंद्र सॉल्ट लेकच्या संस्थेचे, आणि ज्या छोट्याशा हिरवळीवर भावी मंदिर व्हायचे ती मूळ भूमी ‘चर्च ऑफ क्राइस्ट’ या तिसऱ्याच, अगदी लहान शाखेच्या मालकीची. तिन्ही ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारावा, की वारसा कोणाकडे गेला. उत्तरे शांत आणि ठाम मिळतात.

नॉवू हे मिसिसिपीच्या वळणावरील गाव पाहताना दोन दिवसही कमी पडले. १८३९ मध्ये मिसूरीतून हाकललेले लोक येथील दलदलीत आले, हिवतापाने पुष्कळ दगावले, आणि तरीही पाच वर्षांत येथे सुमारे १२,००० वस्तीचे, शिकागोच्या तोडीचे नगर उभे राहिले. याचे मोठे कारण इंग्लंड. १८३७ पासून प्रचारक लँकेशायरच्या गिरणी गावांत पोहोचले होते, आणि मंदीने व उपासमारीने पिचलेले कामगार कुटुंबकबिल्यासह जहाजाने न्यू ऑर्लिन्सला व तेथून नदीमार्गे वर येत होते. या प्रचाराची एक शाखा आपल्यापर्यंतही आली होती: ह्यू फिंडले नावाचे प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यात एक लहानशी मंडळी जमली, परंतु काही वर्षांतच ते काम थांबले. आज या संस्थेने बंगळुरूत मंदिर बांधण्यास घेतले आहे.

नॉवूच्या सपाटीवर जुन्या विटांची घरे, लोहारकाम, छापखाना, बेकरी असे पुष्कळ काही चालते-बोलते ठेवले आहे, आणि बैलगाडी व घोडागाडीच्या फेऱ्याही विनामूल्य आहेत. मुले सोबत असतील तर येथे जास्त वेळ द्यावा. पण मोठ्यांनी दोन जागा चुकवू नयेत. जोसेफ यांचे लाल विटांचे दुकान ही पहिली. त्याच्या माडीवर १७ मार्च १८४२ रोजी एमा यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची मदतसंस्था स्थापन झाली. नदीकाठची लहान दफनभूमी ही दुसरी. तेथे जोसेफ, त्यांचे बंधू हायरम आणि एमा शेजारी शेजारी आहेत. एमा पश्चिमेला गेल्या नाहीत. पतीच्या बहुपत्नीत्वाला त्यांचा तीव्र विरोध होता, आणि या विषयावर नॉवूतील घरे आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलतात. जोसेफ यांनी खासगीत सुमारे ३० ते ४० स्त्रियांशी धार्मिक विवाह केले होते, हे संस्थेने २०१४ मध्ये आपल्या निबंधात मान्य केले आहे. यांतील काही जणी आधीच विवाहित होत्या आणि एक पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. हे वाचून मला जो त्रास झाला तो मी आमच्या मार्गदर्शकाजवळ बोलून दाखवला. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की, या प्रश्नाशी त्यांचाही झगडा सुरू आहे.

नगराच्या सनदेने दिलेले अधिकार हेच शेवटी घातक ठरले. जोसेफ एकाच वेळी प्रेषित, महापौर, नगरसेनेचे सेनापती आणि १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. फुटून निघालेल्या सहकाऱ्यांनी ७ जून १८४४ रोजी ‘नॉवू एक्सपॉझिटर’चा एकमेव अंक काढून बहुपत्नीत्व आणि सत्तेचे केंद्रीकरण यांवर टीका केली, नगरसभेने तो छापखाना उपद्रव ठरवून मोडून टाकला. ज्या पंथाचा जन्म छापखान्यातून झाला त्याच्या संस्थापकाने छापखाना मोडायला लावावा, हे पाल्मायरा पाहून आलेल्या माणसाला फार लागते. जोसेफ आणि हायरम यांना कार्थेजच्या तुरुंगात ठेवण्यात आले, आणि २७ जून १८४४ रोजी तोंडाला काळे फासलेल्या जमावाने आत घुसून दोघांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासोबत खोलीत असलेल्या सहकाऱ्यांपैकी जॉन टेलर जखमी झाले, विलर्ड रिचर्ड्स वाचले. पाच जणांवर खटला चालला, सर्व सुटले. नॉवूपासून कार्थेज मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. माडीवरची खोली, गोळीने भोक पडलेले दार आणि ज्या खिडकीतून जोसेफ खाली कोसळले ती खिडकी पाहता येते. दुपारी गर्दी असते, सकाळी जावे. त्या खोलीत आमच्यासोबत एक कुटुंब होते, आणि लहान मुलांसह सगळे इतके स्तब्ध उभे होते की फळ्यांवर पाय टाकायलाही संकोच वाटला.

पंथ संपेल, असे त्या वेळी अनेकांना वाटले होते. ऑगस्ट १८४४ च्या सभेत बहुसंख्यांनी बारा प्रेषितांच्या मंडळाला आणि त्याचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांना मान्यता दिली. वारसाहक्काऐवजी मंडळाकडे सूत्रे गेल्यामुळे संस्था व्यक्तीच्या मृत्यूनंतर टिकली, असे मला वाटते. अर्धवट मंदिर घाईने पुरे करून पाच हजारांहून अधिक लोकांनी त्यात विधी केले, आणि ४ फेब्रुवारी १८४६ पासून गाड्या पार्ली रस्त्याने नदीकडे निघाल्या. रस्ता आजही नदीपर्यंत जातो. कडेला निघालेल्या लोकांच्या डायऱ्यांतील उतारे लावले आहेत. तो संध्याकाळी चालत जावा. मागे राहिलेले मंदिर १८४८ मध्ये आग लावून जाळण्यात आले. आताचे मंदिर २००२ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधलेले आहे.

ओमाहा शहरातील ‘विंटर क्वार्टर्स’ची दफनभूमी तासाभरात पाहून होते, पण समोरचे माहितीकेंद्र चांगले आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात येथे शेकडो माणसे थंडी, निकृष्ट अन्न व आजार यांनी मेली. एप्रिल १८४७ मध्ये निघालेल्या पहिल्या तांड्यातील विल्यम क्लेटन यांनी चाकाला कापड बांधून दिवसभर फेरे मोजले, ३६० फेऱ्यांचा एक मैल होतो असा हिशेब बसवला, आणि मग मोजणीसाठी लाकडी दातेरी यंत्र करवून घेतले. त्यांच्या मोजमापांची छापील मार्गदर्शिका पुढे हजारो प्रवाशांनी वापरली.

ओमाहाहून पश्चिमेचा प्रवास लांब आणि कंटाळवाणा वाटेल, पण त्या कंटाळ्यानेच अंतर कळते. वायोमिंगमध्ये कॅस्परच्या नैऋत्येला मार्टिन्स कोव्ह आहे. युरोपातून आलेल्या गरिबांना बैलगाड्या परवडत नव्हत्या, म्हणून १८५६ पासून हातगाड्या ओढत चालण्याची योजना निघाली: पाच माणसांमागे एक गाडी आणि मोठ्या माणसाला फक्त १७ पौंड सामान. त्या वर्षी विली आणि मार्टिन यांचे तांडे उशिरा निघाले, ऑक्टोबरमध्ये बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक लोक मेले. सॉल्ट लेकमध्ये बातमी पोहोचताच ब्रिगहॅम यंग यांनी प्रार्थनासभेतच मदतीच्या गाड्या काढायला लावल्या, आणि पुष्कळांचे प्राण त्यामुळे वाचले. तरीही इतक्या उशिरा त्यांना निघू दिलेच का, हा प्रश्न राहतो. येथे पर्यटकांना हातगाडी ओढून पाहता येते. उंची सुमारे सहा हजार फूट आहे, वारा थांबत नाही, सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, पेट्रोल कॅस्परमध्येच भरावे, आणि शाकाहारी असल्यास शिदोरी सोबत ठेवावी. आमचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी येथपर्यंत पुरली.

२४ जुलै १८४७ रोजी ब्रिगहॅम यंग खोऱ्यात उतरले. आधी पोहोचलेल्यांनी तोवर ओढ्याचे पाणी वळवून जमीन भिजवायला आणि नांगरायला सुरुवात केली होती. सॉल्ट लेक सिटीचे रस्ते १३२ फूट रुंद आहेत आणि पत्ते मंदिर चौकापासून मोजलेले आहेत, त्यामुळे एकदा पद्धत कळली की नकाशा लागत नाही. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत सुमारे ७०,००० लोक या वाटेने आले. मंदिराला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षे लागली. दरम्यान १८५२ मध्ये बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर झाले, केंद्र सरकारने एकामागून एक कायदे करून संस्थेची मालमत्ताही जप्त केली, आणि १८९० मध्ये संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवे विवाह थांबवल्याचे जाहीर केल्यावरच १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारी बंदी त्यानंतरही १९७८ पर्यंत चालू राहिली. १९४७ मध्ये सदस्यसंख्या दहा लाख झाली होती. आज संस्था ती १.७ कोटींहून अधिक सांगते आणि त्यातील निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेर आहेत.

मंदिर २०१९ च्या अखेरीपासून भूकंपरोधक कामासाठी बंद आहे, आणि एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात ते सर्वांना आतून पाहता येईल असे जाहीर झाले आहे. एरवी ही संधी मिळत नाही, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी बेत त्याप्रमाणे आखावा आणि निवास लवकर ठरवावा. टॅबरनॅकलचे १८६७ चे लाकडी घुमटाकार सभागृह, तेथे पडलेल्या टाचणीचा मागच्या रांगेपर्यंत येणारा आवाज, आणि वंशावळींचे ‘फॅमिलीसर्च’ ग्रंथालय यांना एक पूर्ण दिवस द्यावा. मृत पूर्वजांच्या नावे बाप्तिस्मा देण्याची शिकवण नॉवूत सुरू झाली आणि त्यासाठी जगभरच्या नोंदी गोळा झाल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही सूक्ष्मचित्रण या संस्थेने केले आहे. ग्रंथालयात प्रवेश व मदत दोन्ही विनामूल्य आहेत.

शेवटचा दिवस आम्ही माउंटन मेडोजसाठी ठेवला होता. सीडर सिटीपासून नैऋत्येला असलेल्या या माळावर ११ सप्टेंबर १८५७ रोजी, केंद्राची फौज युटावर येत असल्याच्या भीतीच्या वातावरणात, स्थानिक मॉर्मन सैनिकांनी अभयवचन देऊन शस्त्रे खाली ठेवायला लावलेल्या आर्कान्सामधील सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. १७ लहान मुले तेवढी वाचली. दोष अनेक वर्षे पायुट आदिवासींवर ढकलला गेला, शिक्षा एकट्या जॉन ली यांना १८७७ मध्ये झाली, आणि संस्थेच्या नेत्यांनी २००७ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. आता तेथे स्मारके आहेत आणि मृतांची नावे कोरलेली आहेत. मिसूरीत हॉन्स मिलची हकिगत ऐकलेल्या प्रत्येकाने येथपर्यंत यावे, असे मी आग्रहाने सांगेन. सॉल्ट लेक सिटीहून एका बाजूचा प्रवास साडेचार ते पाच तासांचा आहे, शेवटच्या टप्प्यात भ्रमणध्वनी नीट चालत नाही आणि माळावर खाण्यापिण्याची सोय नाही. सीडर सिटीत मुक्काम करून सकाळी निघावे आणि नावे वाचण्यासाठी निदान दोन तास हाताशी ठेवावेत.